महाराणीचं फिकं रक्त

१

महाराणी मेली त्या सकाळी मला रडू आलं नाही, आणि तिथेच मी अडकले.

महाराणी म्हणजे आमच्या मत्स्यालयातली ऑक्टोपस. पिळायच्या राहिलेल्या फडक्यासारखी ती टाकीच्या कोपऱ्यात पसरली होती. एरवी घटकेत तांबडं, घटकेत तपकिरी होणारं तिचं अंग पांढरंफटक पडलं होतं. माझी धाकटी जाऊ काचेला कपाळ टेकून हुंदके देत होती. आमचा पंपवाला, ज्याला सगळे व्हॉल्व्ह म्हणतात, टोपी हातात धरून उभा होता. सर, म्हणजे हे मत्स्यालय ज्यांनी उभं केलं ते म्हातारे प्राध्यापक, चष्मा काढून डोळे पुसत होते. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "आधी तिला बाहेर काढा, पाणी नासेल."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मासे सांभाळणारी बाई पाण्याचं नाही बोलणार तर कशाचं बोलणार? पण त्या नजरा पाण्यासाठी नव्हत्या.

आता लपवून काय करायचंय, सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी माझ्या धाकट्या जावेवर जळते. तिला इथे नोकरीला चिकटवली मीच. दिराचं नवीन लग्न झालेलं, पोरगी शिकलेली, घरात बसून काय करणार, म्हणून मत्स्यालयाच्या अध्यक्षबाईंच्या हातापाया पडून मी तिला आणली. कानामागून आली आणि तिखट झाली! माझ्याकडे अख्खा माशांचा विभाग. त्यांची आजारपणं, औषधं, पिल्लावळ सगळं मी काढते, पण माझा फोटो कधी कुठे छापून आला नाही. हिच्याकडे आठ हातांची एक बया, आणि रांगा लागतात तिच्यासमोर. ही हात पाण्यात घालते, ती बया हिच्या मनगटाला मिठी मारते, आणि लोक टाळ्या वाजवतात.

बरं, घरी गेलं की सुटका असावी, तर तेही नाही. सासूबाई म्हणतात, धाकटीचा स्वभाव कसा गोड. माझी स्वतःची पोरगी शाळेतून आली की दारातूनच "काकू" म्हणून हाक मारते. काकूच्या हातून ती भाजी खाते. माझ्या हातून घास घ्यायला मला तिला चॉकलेट दाखवावं लागतं, डॉक्टरांनी दातांसाठी बंद केलेलं.

आणि ती महाराणी! तिला माणसं ओळखता यायची. मला पाहिलं की वर यायची आणि नेम धरून तोंडावर पाणी मारायची. नेम कधी चुकला नाही. कालच शाळेच्या सहलीसमोर मला नखशिखांत भिजवलं, आणि मी सगळ्यांदेखत ओरडले होते, "मरत का नाही ही एकदाची!"

आणि ती मेली.

२

अध्यक्षबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा आतून धाकटी बाहेर पडत होती. डोळे सुजलेले. माझ्या नजरेला नजर न देता ती भिंतीच्या कडेने निघून गेली. म्हणजे माझ्या आधी हिची वर्णी लागलेली. काय काय सांगून आली असेल, ते मी मनातल्या मनात ऐकलंसुद्धा.

आत जनावरांचे डॉक्टर बसले होते. ऑक्टोपसला चिरून, तपासून, हात धुऊन आलेले.

"तांबं," ते म्हणाले. "तांब्याची विषबाधा."

"रक्तातही सापडलं म्हणे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मला राहवेना. "रक्तात सापडणारच की! ऑक्टोपसचं रक्तच तांब्याचं. आपल्या रक्तात लोह, तसं तिच्यात तांबं. उद्या माझ्या रक्तात लोह सापडेल, म्हणून काय मी खिळे गिळले?"

"ते मला समजतं," डॉक्टर कोरडेपणाने म्हणाले. "मी पोटातलं बोलतोय. आणि रक्तात असतं म्हणून वरून दिलेलं पचतं असं नाही, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता. बिनकण्याच्या प्राण्यांना तांब्याचा थेंबसुद्धा चालत नाही."

शिकवते खरी. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की आम्ही त्यांना तांब्याचं औषध देतो. ते औषध माझ्या कपाटात असतं, आणि कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात. त्या विभागातली बादली या विभागात न्यायची नाही, हात धुतल्याशिवाय शिरायचं नाही, हे नियम लिहिले मी आणि भिंतीवर चिकटवलेही मी. त्यामुळे कोणतं विष चालतं हे इथे कोणाला पक्कं ठाऊक, याचं उत्तर शेंबडं पोरही देईल.

"कपाट फोडलेलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "काल तू काय बोललीस ते सहलीतल्या पोरांनी घरी जाऊन सांगितलंय. सर तर म्हणतात, आत्ताच्या आत्ता तुला काढा. मी त्यांना थांबवलंय. दुपारी विश्वस्तांची बैठक आहे. तोपर्यंत काय सांगायचं ते ठरव, नाहीतर राजीनामा लिहून आण."

"आणि माझी जाऊ काय म्हणाली?"

अध्यक्षबाईंनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "ते तिलाच विचार."

नोकरी जायची भीती होतीच. पण त्याहून वाईट एक गोष्ट डोळ्यांपुढे आली. संध्याकाळी मी घरी जाणार. सासूबाई, नवरा, दीर, माझी पोरगी, सगळे धाकटीभोवती बसलेले असणार. आणि मी दारात, काकूच्या महाराणीला मारून आलेली.

३

मी थेट टाकीपाशी गेले. महाराणीला नेलं होतं. टाकीत उरलं होतं तिचं मडक्याचं घर, वाळू, आणि काच चाटत फिरणाऱ्या गोगलगायी.

मी बघत राहिले. गोगलगायी आरामात फिरत होत्या. एक तर अगदी माझ्या नाकासमोरून मान वर काढून चालली होती.

"व्हॉल्व्ह!" मी हाक मारली. "या गोगलगायी आज सकाळी टाकल्यास का रे?"

"छे! त्याच आहेत. मेल्या असत्या तर मीच उपसल्या असत्या ना."

या टाकीत माझं औषध कोणी ओतलं असतं, तर सगळ्यात आधी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या असत्या. तांब्याचं त्यांना ऑक्टोपसइतकंच वावडं. डॉक्टर म्हणाले होते पाण्यात तांबं अगदी नावाला सापडलं, फिल्टरने ओढून घेतलं असेल. फिल्टरने ओढलंही असेल, पण मेलेल्या गोगलगायी फिल्टर जिवंत करत नाही. म्हणजे विष पाण्यातून आलंच नाही. ते तिच्या तोंडातून गेलं.

"तू तिला कधी काही भरवलंस?" मी व्हॉल्व्हला विचारलं. त्याचंही महाराणीशी फारसं पटत नव्हतं. पंपाच्या पाइपात हात घालून बसायची तिला खोड होती, आणि दर वेळी शिव्या खायचा हा.

"माझ्या हातून? नाव नको! एकदा मासा धरला तर तो सोडून माझी घड्याळपट्टी ओढली तिने. खाली टाकलेलं तर ती शिवायचीच नाही, माहितीये ना तुम्हाला. घरंदाज बाई ती, हातातूनच घास हवा. तोही आपल्या माणसाच्या हातातून." तो थांबला, जरा हसला. "तुम्ही नाही का मागे खेकड्याची नांगी धरली होती पुढे? नांगी राहिली बाजूला, तुम्हालाच आंघोळ."

"पुरे," मी म्हटलं. "आपलं माणूस म्हणजे कोण कोण?"

"तुमच्या धाकट्या जाऊबाई. आणि अलीकडे सर."

"सर?"

"हो की. मी पंप सुरू करायला येतो तेव्हा सर आधीच खुर्ची टाकून बसलेले असतात. आधी ती त्यांना ढुंकून बघत नव्हती. हल्ली यायची वर. मला तर बरं वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा."

सरांचं नाव ऐकून मी ते तिथेच सोडून दिलं. सर म्हणजे या जागेचा देव माणूस. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या बापावर घेणं. त्यापेक्षा माझ्या मनाने दुसरं नाव पटकन उचललं. ज्या हातातून महाराणी खात होती, तो हात रोज माझ्याच स्वयंपाकघरात कणीक मळत होता.

खरं सांगते, मला आनंद झाला.

४

धाकटी चाऱ्याच्या खोलीत खेकडे कापत होती. महाराणी नव्हती तरी रोजच्यासारखे कापत होती, आणि कापलेले तुकडे तसेच पुन्हा डब्यात टाकत होती.

"काय गं, काय खाऊ घातलंस तिला?" मी दारातूनच तोफ डागली.

तिने वर पाहिलं. "ताई, काही खात असती तर मी सुखी नसते का?"

"म्हणजे?"

"गेले कितीतरी दिवस सकाळी ती माझ्याकडे येतच नव्हती. खेकडा पुढे केला तरी हात मागे घ्यायची. आधी वाटलं पोट भरलेलं आहे. मग रंग उतरायला लागला, मग मी दिवसभर बसले तरी मडक्यातून बाहेर यायची नाही."

"आणि हे तू डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

तिने सुरी खाली ठेवली. कान लाल झाले. "मला वाटलं, ती माझ्यावर रुसलीय."

"रुसायला ती काय तुझी नणंद आहे?"

एरवी ती हसली असती. आज तिने ओठ दाबून धरले. मी टाकून बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण माझ्या डोक्यात हिशेब जुळायला लागला होता आणि तो मला हवा तसा जुळत नव्हता.

सकाळी पोट भरलेलं असायचं. म्हणजे हिच्या आधी कोणीतरी भरवत होतं. एकदाच नाही, रोज. आणि रंग हळूहळू उतरत गेला, म्हणजे तांबंही रोज जात होतं, थोडं थोडं. आता मला सांगा, जिला मारायचं तिला कोणी चिमटी चिमटीने विष देतं का? पकडले जायची भीती रोज नव्याने कशाला घ्यायची? एकदाच द्यायचं आणि मोकळं व्हायचं. रोज, वेळेवर, मोजून, आपल्या हाताने जे देतात त्याला विष म्हणत नाहीत. त्याला औषध म्हणतात.

"सकाळी अध्यक्षबाईंना काय सांगून आलीस माझ्याबद्दल?" मी विचारलं.

तिने पुन्हा सुरी उचलली. "ते मला विचारू नका, ताई."

म्हणजे सांगितलंच होतं काहीतरी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला वाचवायची मला काडीची इच्छा नव्हती. पण खरं काय ते कळल्यावर खोट्याला चिकटून बसायचं, तर मग भिंतीवर नियम तरी कशाला चिकटवायचे?

मी जिना चढून सरांच्या खोलीकडे गेले.

५

"तू कशाला आलीस?" सर म्हणाले. बसा नाही, काही नाही. "मी त्यांना स्पष्ट सांगितलंय, हा खून आहे. मुक्या जिवाचा."

"बरोबर आहे सर," मी म्हटलं. "फक्त मला एक समजून घ्यायचंय. ऑक्टोपसच्या रक्तात तांबं असतं, ते कमी पडलं तर काय होतं?"

शिकवणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला की त्याचा राग वितळतोच. सरांनी टेबलावरची भिंगं, बिस्किटांचा डबा, तळाशी निळी पूड चिकटलेला छोटा खल, सगळं बाजूला सारलं आणि मागच्या फळीवरून प्राणिकोशाचा जाडजूड खंड काढला. पानं पिवळी पडलेली. खूण न शोधता तो बरोबर पानावर उघडला.

"वाच. मोठ्याने."

मी वाचलं. ज्या प्राण्यांचं रक्त तांब्याचं, ते निरोगी असताना त्यांचं रक्त निळं असतं. रक्त फिकं, पाण्यासारखं दिसू लागलं, तर तो ताम्रक्षय समजावा. अन्नातून मोरचुदाचा कण द्यावा, म्हणजे रंग आणि उत्साह परत येतो. नोंदीखाली सरांचं नाव होतं, तरुणपणच्या सगळ्या पदव्या वगैरे लावून.

"नव्या आवृत्तीतून काढली," सर म्हणाले. "मला न विचारता. आणि तुझ्या जावेने त्या दिवशी भाषणात काय सांगितलं? 'जुन्या पुस्तकांत असं काहीबाही लिहिलेलं आहे.' काहीबाही! मी पहिल्या रांगेत बसलो होतो. लोक हसले."

"तिला कोण सांगणार," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

"पण मी डोळ्यांनी पाहिलं ना! डॉक्टरांनी तपासणीसाठी रक्त काढलं तेव्हा मी समोर होतो. सुईत पाणी असावं तसं रक्त. मी म्हटलं, बघा, क्षय आहे. तर ही कालची पोर मला म्हणते, 'तसं नसतं सर.' मी निघून आलो."

ते निघून आले, आणि मी तिथेच होते. वाटी माझ्याच हातात होती. सरांच्या मागे दार आपटलं, डॉक्टरांनी रक्त वाटीत सोडलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते निळं होत गेलं. शरीरभर फिरून, प्राणवायू संपवून आलेलं ते रक्त फिकंच असतं. हवा लागली की निळं. धाकटी हेच सांगत होती. सरांनी अर्धंच पाहिलं होतं.

"हल्ली तुमच्याकडे यायची म्हणे ती," मी हळूच म्हटलं.

सरांचा चेहरा खुलला. इतका की मला त्यांच्याकडे बघवेना. "यायची! तुझ्या जावेच्या आधी. ती बाई आली की मडक्यात, आणि माझी खुर्ची सरकली की वर. कोणाला सांगू नकोस, पण जनावराला कळतं हो, आपलं भलं कोण करतंय ते."

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. पोरीने चॉकलेटसाठी का होईना माझ्या मांडीवर उडी मारली की मी धाकटीकडे ज्या नजरेने बघते, त्या नजरेला आवाज असता तर तो असाच असता. इथले सगळे सकाळपासून शोधत होते की कोण एवढं जळतं की जीव घेईल. वेडे कुठले! जळणारा माणूस जीव घेत नाही. तो भरवतो. जे दुसऱ्याचं आहे ते आपल्याकडे यावं म्हणून घास पुढे करत राहतो, चांगला की वाईट हे न बघता.

मी तो खंड मिटून पुन्हा फळीवर ठेवला. कारण दुपारी मला हे सगळ्यांसमोर बोलायचं होतं. आणि समोरच्या म्हाताऱ्याला अजून काहीच माहीत नव्हतं.

६

बैठकीला विश्वस्त, डॉक्टर, सर, व्हॉल्व्ह, आणि दाराशी धाकटी. मी उभीच राहिले.

"राजीनामा आणलास?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही. आधी ऐकून घ्या, मग मागा." मी डॉक्टरांकडे वळले. "टाकीतल्या गोगलगायी जिवंत आहेत, पाहिल्यात का?"

डॉक्टरांनी चमकून पाहिलं. पाहिल्या नव्हत्या. मी सांगितलं तसे त्यांनी ओठ चावले. "मग पाण्यातून नाही," ते म्हणाले. "खाण्यातून."

"खाण्यातून. आणि खाली पडलेलं ती खात नव्हती, हातातूनच घ्यायची. आता माझ्या हातातून तिने कधी खाल्लंय का, विचारा व्हॉल्व्हला."

"पाण्याचा फवारा खाल्लाय यांनी," व्हॉल्व्ह म्हणाला. एक विश्वस्त खोकल्याच्या आडून हसले.

"सगळं मत्स्यालय मला यावरून हसायचं," मी म्हटलं. "हसा. पण तीच माझी साक्षीदार आहे. मला पाहिलं की ती पाणीच मारायची. माझ्यावर इतका राग—"

"राग नाही!" दारातून धाकटी एकदम बोलली. आवाज चिरकला तिचा. "ती तुमच्याशी खेळायची! माझ्यावर कधी एक थेंब नाही उडवला तिने."

सगळे तिच्याकडे बघायला लागले, तशी ती दाराआड सरकली. मला तिचं बोलणं त्या वेळी कळलं नाही. कळून घ्यायला वेळही नव्हता.

"विष एकदाच दिलेलं नाही," मी पुढे म्हटलं. "रोज थोडं थोडं दिलंय. मी जळते, कबूल आहे. पण जळणारीने मारायचंच ठरवलं तर ती रोज सकाळी उठून चिमूटभर कशाला देईल? हे मारणाऱ्याचं काम नाही. हे बरं करणाऱ्याचं काम आहे."  मी सरांकडे वळले, आणि होता होईल तितक्या मऊपणे विचारलं, "सर, तुम्ही तिला औषध कधीपासून देत होतात?"

सरांनी झटक्यात, अभिमानाने उत्तर दिलं.

"तिचं रक्त पाहिलं त्या दिवसापासून. खेकड्याच्या मांसात मोरचुदाची पूड. तुझ्या जावेच्या आधी येऊन देत होतो, नाहीतर ती देऊ देते का? शेवटी शेवटी रंग फारच उतरला तेव्हा मात्रा वाढवली. मी होतो म्हणून ती इतके दिवस तरी टिकली. ही बाई विष घालत होती आणि मी एकटा—"

ते थांबले. कारण कोणीच मान हलवत नव्हतं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं.

"मोरचूद म्हणजे तांबंच, सर," डॉक्टर म्हणाले.

"माहितीये मला! म्हणून तर दिलं. तिच्या रक्तात ते कमी होतं. मी पाहिलं. फिकं होतं रक्त."

 शेवटी धाकटी पुढे आली. "सर, ते नंतर निळं झालं होतं."

"काय?"

"रक्त. वाटीत. हवा लागल्यावर अगदी शाईसारखं निळं. ती धडधाकट होती."

सर तिच्याकडे बघत राहिले. 

"मला का नाही बोलावलंस मग?" ते म्हणाले. लहान मुलाने विचारावं तसं.

"तुम्ही रागावून गेला होतात."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ती नोंद मी लिहिली," ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "एका जुन्या पुस्तकावरून. त्या पुस्तकाने ती त्याहून जुन्यावरून घेतली होती. मी तोवर ऑक्टोपसचं रक्त पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं." मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, सकाळपासून साठवलेलं सगळं. मी नुसती त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिले.

अध्यक्षबाईंनी माझा राजीनामा पुन्हा मागितला नाही. माझं नाव घेऊन, मी निर्दोष आहे असं सगळ्यांसमोर बोलायला लावलं मी त्यांना. तेवढं मी सोडणार नव्हते. सरांना व्हॉल्व्हने हाताला धरून खाली नेलं.

७

घरी जाताना धाकटी नेहमीप्रमाणे माझ्या गाडीवर मागे बसली. दोघींची एकच गाडी, रुसायचं असलं तरी एकमेकींना चिकटूनच रुसायची पंचाईत.   घर जवळ येत चाललं तसं माझं मन घट्ट होत चाललं. मी निर्दोष सुटले होते, पण हिने माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं, आणि तो काटा काढल्याशिवाय त्या घरात हिच्या हातचा चहा मला पिता आला नसता.

"बोल आता," मी पुढे बघतच म्हटलं. "काय सांगितलंस अध्यक्षबाईंना?"

"ताई, तुम्ही चिडाल."

"चिडलेलीच आहे. बोल."

"विष घातलं असं नाही म्हटलं मी. देवाशप्पथ." तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. "मी म्हटलं, ताई तिला माझ्या आधी येऊन चोरून भरवतात. माझ्यापासून तोडतात तिला."

गाडी जरा हेलकावली. "मी?"

"सकाळी ती माझ्याकडे येईना. आणि तुम्ही नुसत्या दारात उभ्या राहिलात तरी ती झपकन वर यायची. मला वाटलं, लाडीगोडी लावून तुम्ही तिला आपलीशी केलीत. रात्र रात्र झोप नव्हती मला. डॉक्टरांनाही त्यामुळेच सांगितलं नाही, म्हटलं विचारतील, मग सगळ्यांना कळेल की ती आता ताईंची झाली. वेळेवर सांगितलं असतं तर..." तिला पुढे बोलवेना. मग एकदम, रडतच, ती म्हणाली, "मी जळत होते हो तुमच्यावर. घरात सगळे तुम्हाला विचारून पाणी पितात, मत्स्यालयात तुमच्याशिवाय पान हलत नाही, माझी म्हणावी अशी ती एकच होती. तीही तुम्ही नेलीत असं वाटलं. इतकी जळत होते की तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मला खरं तर तिला दोन शब्द सुनवायला हवे होते. हिच्या त्या एका वाक्यापायी माझी नोकरी जाणार होती, अब्रू जाणार होती. रागाने बोलायचं म्हणून मी मागे वळले. आणि काय सांगू, माझ्या तोंडावर हसू यायला लागलं, ते काही केल्या दाबता येईना. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्यावर कोणी जळलं नव्हतं.

मी तिला रुमाल दिला.

"डोळे पूस," मी म्हटलं. "आणि पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."